विद्यावेतन मिळालं, पण शिकवलं काय? युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली सुरक्षा आणि मूल्यमापन

मुठाकाठची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. माझी धाकटी बहीण बीकॉम झाली, वर्षभर बँकेच्या परीक्षा दिल्या, काही जमेना, मग महास्वयमवर (राज्य सरकारचं रोजगाराचं पोर्टल) नोंदणी करून सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पुणे जिल्ह्यातल्या एका सरकारी ऑफिसात लागली. योजना बहुतेकांना माहीत असेल. ९ जुलै २०२४ चा शासन निर्णय, वय १८ ते ३५, बारावीवाल्यांना महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये थेट खात्यात. आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये पाच महिने वाढवून मिळाले, म्हणजे एकूण अकरा.

आता मुद्द्याचं सांगते. तिला सवय आहे सगळं लिहून ठेवायची. पहिल्याच दिवशी तिने दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे 'केलं' आणि उजवीकडे 'शिकले'. पहिले तीन आठवडे दोन्ही बाजू भरलेल्या आहेत. आवक-जावक रजिस्टर कसं लिहायचं, नस्तीला पान क्रमांक कसे द्यायचे, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टायपिंग, टिपणी कशी मांडतात, हे सगळं उजवीकडे आहे. मग ऑक्टोबरपासून उजवी बाजू रिकामी व्हायला लागते. डावीकडे मात्र रोजचं तेच. 'एन्ट्री ६४', 'एन्ट्री ७१', 'झेरॉक्स, एन्ट्री ५८'. जवळजवळ साडेनऊ महिने तेच. ज्या टेबलावर ती बसायची तिथला क्लार्क रिटायर होऊन बराच काळ झाला होता आणि माणूस भरला नव्हता, ते काम तिने केलं. शेवटच्या दिवशी पेढे दिले, सर्टिफिकेट मिळालं, दुसऱ्या दिवशी तिचं लॉगिन बंद.

पैसे आले, थोडे मागेपुढे झाले पण आले. तिथल्या लोकांनी वाईट वागवलं असंही नाही. पण अकरा महिन्यांत एकदाही, कुणीही, तिला विचारलं नाही की बाई तू काय शिकलीस. हजेरी मात्र दर महिन्याला ऑनलाइन गेली. ज्या योजनेचं नावच प्रशिक्षण आहे आणि घोषणा वर्षाला दहा लाख तरुणांची झाली होती, तिथे फक्त हजेरीच मोजली जाते का? इथे कुणाला अनुभव असेल तर लिहा. चांगला असेल तर तोही लिहा, मला खरंच दोन्ही ऐकायचंय.

चाकणचा_दादा

ताई तुमच्या बहिणीचं निदान हातपाय धड आहेत, हे मी मनापासून आणि काळजीने म्हणतोय. माझा मावसभाऊ याच योजनेतून आमच्याकडच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये लागला. आयटीआय फिटर, ८,००० वाला. दुसऱ्या महिन्यात त्याला पॉवर प्रेसवर बसवलं. त्या प्रेसला दोन हातांनी दाबायचं स्विच होतं, म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही, पण प्रॉडक्शन वाढवायला एक बटण टेप लावून दाबून ठेवलेलं. ब्लँक (दाबायचा पत्र्याचा तुकडा) डायमध्ये, म्हणजे साच्यात, तिरका बसला, हा एका हाताने सरळ करायला गेला. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. मालकाने दवाखान्याचा पहिला खर्च केला, रिक्षानेही स्वतः नेलं. पण ईएसआयचं (राज्य कामगार विम्याचं) कार्ड विचारलं तर म्हणे तू कामगार नाहीस, प्रशिक्षणार्थी आहेस, सरकारचा माणूस आहेस. आणि सरकारी ऑफिसात गेलो तर म्हणे आस्थापनेला विचारा. दोन्हीकडचे बोलले नीट, पण शेवटी पोरगं मधल्यामधे लटकलं. तो आता हात खिशातच ठेवतो. लग्नाचं बघायला जायचं म्हटलं तरी.

वकिली_चष्मा

दादा, वाचून वाईट वाटलं. थोडं कायद्याचं सांगतो कारण इथेच सगळी गोम आहे. या योजनेच्या शासन निर्णयातच लिहिलंय की किमान वेतन, राज्य कामगार विमा, भविष्य निर्वाह निधी, कामगार नुकसान भरपाई आणि औद्योगिक विवाद हे कायदे योजनेला लागू राहणार नाहीत. बाकीचं सोडा, नुकसान भरपाई का काढली ते मला आजतागायत कळलेलं नाही. कारण आपल्याकडे १९६१ पासून ॲप्रेंटिस कायदा आहे, त्यातही शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे असंच म्हटलंय, पण त्याच कायद्यात कलम १६ आहे, की शिकताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, कामगाराला देतात त्याच हिशोबाने. म्हणजे कामगार न मानताही संरक्षण देता येतं, साठ वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे.

आणि तो हिशोब किती बारीक आहे बघा. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) परिशिष्टात बोटाच्या पेरापर्यंत टक्के लावले होते. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के कमी झाली असं धरायचं, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. तुमच्या भावाचं ते ९ टक्क्यांचं पेर. तो त्याच मशिनवर ॲप्रेंटिस म्हणून बसला असता तर त्या पेराची किंमत कायद्याने ठरलेली होती.

एक मात्र लक्षात ठेवा, शासन निर्णय हा विधिमंडळाने किंवा संसदेने केलेल्या कायद्याच्या वर नसतो. निर्णयात एक वाक्य घातलं म्हणून कायदा आपोआप बाजूला होतो असं नाही, प्रत्यक्षात काम कुठलं होतं, हुकूम कोण देत होतं, हे कोर्ट बघू शकतं. कागद सांभाळून ठेवा, रुजू झाल्याचं पत्र, हजेरी, दवाखान्याचे पेपर, प्रेसचा फोटो असेल तर तोही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला मिळतो, शिवाजीनगर कोर्टात जाऊन या.

औंधची_मेघा

केंद्राच्या पीएम इंटर्नशिपमध्ये विमा आहे ना पण? माझ्या मुलाने फॉर्म भरला होता म्हणून माहितीये. तेव्हा २१ ते २४ वय, बारा महिने, महिना ५,००० आणि सुरुवातीला एकदाच ६,००० असं होतं. त्यात जीवन ज्योती (आयुर्विमा) आणि सुरक्षा विमा (अपघात विमा) दोन्हीचा हप्ता सरकार भरतं.

वकिली_चष्मा

आहे, आणि तो चांगलाच बदल आहे. पण सुरक्षा विमा काय देतो तेही बघा. वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वगैरे गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात, एक पाय गेला तर १ लाख. बोटाला त्यात काही नाही. पुण्याच्या आसपासच्या प्रेस शॉपमध्ये जातात ती बोटंच. म्हणून 'विमा आहे' एवढ्यावर थांबून चालत नाही, जिथे पोरं बसणार तिथे नेमकं काय होतं ते बघून कवच ठरवायला हवं.

भोसरीचा_वर्कशॉपवाला

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमचा भोसरीला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं) जॉबवर्कचा धंदा आहे, २६ माणसं. योजनेत कारखान्याला एकूण मनुष्यबळाच्या १० टक्के घेता येतात, तशी दोन मुलं घेतली. एक मुलगा चौथ्या महिन्यात सोडून गेला, घरून यायला दोन बस बदलायच्या, रोज तीन तास पीएमपीत, थकला. दुसरा राहिला आणि आता माझ्याकडे पगारावर आहे. पण त्याला काय शिकवायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं, मी माझ्या मनाने ठरवलं. आधी पंधरा दिवस मशिनला हात लावू दिला नाही, फक्त व्हर्निअर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचणं. मग लोडिंग. मग इन्सर्ट (कापायचं पातं) बदलणं. मग ऑफसेट, म्हणजे मशिनमध्ये हत्याराचं माप टाकणं. ऑफसेटमध्ये एक पॉइंट इकडेतिकडे टाकला तर पन्नास जॉब रिजेक्शनला जातात, तेवढा तोटा मी एकदा सोसला, पण त्या दिवसापासून तो पोरगा पक्का झाला.

माझं म्हणणं असं की शिकवायला माझा सेटर (मशिन लावून देणारा कारागीर) रोज तासभर त्याच्यापाशी उभा राहतो, त्याचं प्रॉडक्शन कमी होतं, हा माझा खर्च. आणि शेजारच्या गाळ्यात तीच मुलं पहिल्या दिवसापासून मशिनवर उभी करतात, अकरा महिने फुकट प्रॉडक्शन काढतात आणि मुदत संपली की नवीन घेतात. पोर्टलवर आम्ही दोघं सारखेच दिसतो! दोघांची हजेरी शंभर टक्के. मला बक्षीस नको, पण फरक दिसला तरी पाहिजे ना कुठेतरी.

डब्लिन_व्हाया_डेक्कन

भोसरीच्या दादांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं आयर्लंडमध्ये आहे, इथे २०११ मध्ये मंदीच्या काळात जॉबब्रिज नावाची अशीच योजना आली होती. बेकार भत्ता चालू ठेवून वर आठवड्याला ५० युरो, सहा किंवा नऊ महिने इंटर्नशिप. त्यावरही इथे फार भांडणं झाली, फुकटचे कामगार म्हणून, आणि २०१६ मध्ये बंद केली. पण दोन गोष्टी आपण उचलाव्यात अशा होत्या. एक म्हणजे, इंटर्न, कंपनी दोघांच्या सह्यांचा ठरलेला करार, त्यात काय शिकवणार आणि कोण शिकवणार ते लिहायचं. आणि एक इंटर्न गेला की त्याच जागी लगेच दुसरा घेता यायचा नाही, मध्ये सहा महिने थांबावं लागायचं. म्हणजे शेजारच्या गाळ्याची युक्ती तिथेच अडकते.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. जॉबब्रिजचं मूल्यमापन करताना नुसतं 'किती जणांना नोकरी लागली' एवढं मोजलं नाही. ज्यांनी इंटर्नशिप केली त्यांच्यासारखेच, तेवढेच शिकलेले, तेवढेच दिवस बेकार असलेले पण योजनेत न आलेले लोक काढले आणि दोघांची तुलना केली. इंटर्नशिपवाल्यांना नोकरी लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. तरीही योजना बंद झाली, कारण सरकारी पैशावर मालक लोकांचे पगार वाचवतात का हा प्रश्न सुटला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आकडेमोड

ही तुलना फार महत्त्वाची आहे, थोडं पसरट लिहितो, चालवून घ्या. समजा उद्या सरकारने सांगितलं की प्रशिक्षण घेतलेल्या शंभरातल्या चाळिसांना नोकरी लागली (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय). ऐकायला छान वाटतं. पण पुण्यात बीकॉम झालेली, चोवीस वर्षांची, टायपिंग येणारी मुलगी काहीही न करता अकरा महिन्यांत नोकरीला लागण्याची शक्यता किती? ती शंभरात अडतीस असेल तर योजनेने दोघांचंच भलं केलं. आणि तीच योजना दुर्गम तालुक्यातल्या बारावी झालेल्या मुलासाठी शंभरात पाचाचे वीस करत असेल तर तिथे ती सोन्याची आहे. एकच सरासरी काढली की दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

करायचं कसं? जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, आणि सरकारी ऑफिसांत तसे येतातच, तिथे पात्र मुलांमधून सोडत काढायची. नाव आलेले आणि न आलेले, दोघांनाही सहा महिन्यांनी आणि वर्षाने फोन करायचा. सोडतीमुळे दोन्ही गट सारखे असतात, मग फरक दिसला तो योजनेचा. शिवाय आधार जोडलेलं आहेच, परवानगी घेऊन पीएफच्या यूएएनशी (खातेदाराचा कायमचा क्रमांक) जुळवलं तर पगारी नोकरी लागली का तेही कळेल. मात्र नुसत्या यूएएनवर जाऊ नका, लहान दुकानं, दवाखाने, सीएची ऑफिसं यांच्याकडे पीएफ नसतो, आपली निम्मी पोरं तिथेच लागतात, म्हणून फोन हवाच.

आणि सोडून गेलेल्यांना आधी फोन करा. पीएम इंटर्नशिपच्या पहिल्या फेरीत ८२ हजारांहून जास्त ऑफर गेल्या, २८ हजारांच्या वर मुलांनी स्वीकारल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाली ८,७०० च्या आसपास. हे आकडे संसदेत दिलेले आहेत. मधली मुलं कुठे गेली, हे त्यांनाच विचारल्याशिवाय कसं कळणार?

कॉटबेसिसवाला

मी त्या मधल्यांपैकी एक. ऑफर आली होती, घरापासून फार लांब. सदाशिव पेठेत कॉटचे साडेतीन हजार आणि मेसचे तीन हजार देतोय, हातात येणार पाच. घरी कुठल्या तोंडाने पैसे मागायचे. मला कुणीही विचारलं नाही का आला नाहीस म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं, राहायची सोय द्या, दुसऱ्या दिवशी येतो.

टेबल_क्रमांक_चार

मी सरकारी नोकरीत आहे, म्हणून नाव-गाव नको. धागालेखिकाताई, तुमच्या बहिणीसारखी मुलगी आमच्याकडेही होती. खरं सांगतो, ती नसती तर लोकांचे दाखले महिना-महिना अडकले असते. जागा मंजूर आहेत, भरलेल्या नाहीत. योजनेत सरकारी ठिकाणी मंजूर पदांच्या ५ टक्के मुलं घेता येतात. रिकामी किती आहेत त्याचा यात विचारच नाही. म्हणजे जिथे पदं जास्त रिकामी तिथे मुलगा शिकायला कमी आणि खड्डा भरायला जास्त येतो. मुदत संपल्यावर मुलांनी राज्यभर आंदोलनं केली, कायम करा म्हणून. काहीजण त्यांना नावं ठेवतात, की सहा महिन्यांचं माहीत असून आलात ना. पण आम्ही त्यांच्याकडून कायम माणसाचं काम करून घेतलं, तर त्यांना तसं वाटणारच. मी तिला मस्टर आणि सेवापुस्तक कसं भरतात ते मुद्दाम शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, कारण इतर वेळी खिडकीवर रांग असायची.

जुन्नरकडचा

मी काही वर्षं रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात ग्राम साधन व्यक्ती म्हणून काम केलंय. तिथे पद्धत अशी, मस्टर (हजेरीपट) घेऊन गावात जायचं, घरोघर विचारायचं, मग ग्रामसभेत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. एका गावात मी नाव वाचलं, सहा दिवस हजर, तर ते काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, त्या आठवड्यात मी माउलींच्या पालखीबरोबर होतो, दिवे घाट चढत होतो, खड्डे कुठून खणणार? सगळी सभा गप्प. त्या एका वाक्याने जे बाहेर आलं ते ऑनलाइन हजेरीत कधीच आलं नसतं.

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्राच्या कायद्यात हे अंकेक्षण ग्रामसभेचं काम म्हणून कलम १७ मध्येच लिहिलेलं होतं, मजुरी उशिरा दिली तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाईही होती. आणि आपल्या महाराष्ट्राने तर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच केला, देशाच्या किती आधी. मग विद्यावेतन दोन महिने उशिरा आलं तर त्याची भरपाई का नको? तालुक्याला सहा महिन्यांतून एकदा सगळे प्रशिक्षणार्थी, मालक, अधिकारी एका हॉलमध्ये बसवा आणि यादी वाचा, कोण कुठे होतं आणि काय शिकलं. चहाचा खर्च सोडला तर खर्च काही नाही.

साधीसुधी

एक विचारू का, हा प्रश्न विचारायलाही मला दोन दिवस लागले. मी एका खाजगी ठिकाणी या योजनेतून होते, तिथल्या एका सिनियरचं वागणं चांगलं नव्हतं. मला सांगितलं गेलं की तू स्टाफ नाहीस, तक्रार समिती स्टाफसाठी आहे. मी आठव्या महिन्यात सोडलं. हे खरं आहे का, की मी तक्रार करू शकत नव्हते?

वकिली_चष्मा

ताई, अजिबात खरं नाही. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार स्पष्ट नावाने येतात, पगार मिळो न मिळो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. नसेल तर, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येते. तुम्ही कधी सोडलं ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, मुदतीत असाल तर अर्ज मी लिहून देतो, फी वगैरे काही नाही.

मुठाकाठची

साधीसुधी, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तुला सोबत हवी असेल तर मी येईन, मी कोथरूडला असते.

रुजू होतानाच प्रत्येकाच्या हातात एक कागद मराठीत दिला पाहिजे, अपघात झाला तर कुणाला फोन, त्रास झाला तर कोणती समिती, पैसे आले नाहीत तर कुठे. माझ्या बहिणीला असा कागद मिळाला नव्हता, इथल्या कुणालाच मिळालेला दिसत नाही.

चाकणचा_दादा

वकीलसाहेब, काल भावाला घेऊन शिवाजीनगरला जाऊन आलो. त्यांनी कागद ठेवून घेतले, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. टेप लावलेल्या स्विचचा फोटो त्याच्याच मोबाईलमध्ये निघाला, अपघाताच्या चार दिवस आधीचा, मित्राला दाखवायला काढलेला.

मुठाकाठची

दादा, काय होतं ते इथे नक्की लिहा.

मी आज माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे फार कापाकापी करावी लागली. पुणे जिल्ह्यापुरतं विचारलंय. किती जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं, किती मध्येच सोडून गेले आणि सोडण्याचं कारण नोंदवलंय का, त्याच आस्थापनेत पगारावर किती राहिले, किती अपघातांची नोंद आहे, आणि योजनेचं मूल्यमापन झालं असेल तर अहवालाची प्रत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलंय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, आलं की इथे टाकते, नाही आलं तर अपील करते.

आकडेमोड, तुम्ही म्हणालात तो फोन आपणच सुरू करू या का? बहिणीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ४३ जण आहेत. ती आज रात्रीपासून एकेकाला फोन करणार आहे, प्रश्न तुम्ही करून द्या, पाचच्या वर नकोत.

भोसरीचा_वर्कशॉपवाला

ताई, तुमच्या बहिणीच्या वहीचा फोटो टाका जमलं तर. सोमवारपासून माझ्याकडे नवीन मुलगी येतेय, डिप्लोमा झालेली. तिच्यासाठी मी एक वही आणून ठेवलीय, रेघ मारून, आणि तिसरा एक रकाना वाढवलाय, 'कोणी शिकवलं'. त्यात माझ्या सेटरने रोज सही करायची.

मुठाकाठची

उद्या सकाळी टाकते. ती म्हणतेय, ऑक्टोबरची पानंपण टाक.